यादीतलं शेवटचं नाव

परवा नवतपा लागला. रोहिणी नक्षत्राचे हे पहिले नऊ दिवस कधी सुरू झाले ते नागपुरात कुणाला पंचांगात बघावं लागत नाही. सकाळी आठलाच नळाचं पाणी हात भाजेल असं येतं, दाराची कडी पदरानं धरून काढावी लागते, आणि दुपारी रस्ता इतका ओस पडतो की एखादी सायकल गेली तर तिच्या साखळीची करकर घरात ऐकू येते. मी शाळेत शिकवते, त्यामुळे या दिवसांत मला सुट्टी असते. दाराला वाळ्याची ताटी लावून, तिच्यावर पाणी मारून, गार ओल्या वासात निवांत पडून राहावं असे हे दिवस. पण मला ते जमत नाही. वाळ्याचा वास आला की माझे तळहात आपोआप ओले होतात. सात वर्षांपूर्वीच्या नवतप्यात ते जे ओले झाले, ते अजून पुरते कोरडे झालेले नाहीत.

तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन घरी बसले होते. जरीपटक्याच्या बाजारामागे आमची वस्ती. बहुतेक घरांतला एकेक माणूस गिरणीत गेलेला किंवा गिरणीतून निवृत्त झालेला. मला मिशनच्या शाळेत फी माफ होती म्हणून मी इंग्रजीत शिकले. शाळेत कुणी विचारलं, वडील काय करतात, तर मी सांगायची, 'टेक्स्टाइलमध्ये आहेत.' ते खोटं नव्हतं. बाबा एकतीस वर्षं मागावर उभे होते, आणि त्यांच्या छातीत कापसाची इतकी धूळ होती की पहाटे ते खोकायला लागले की शेजारच्या घरात दिवा लागायचा.

गिरणीत निवृत्त कामगारांना पेन्शन होती, युनियननं भांडून मिळवलेली. मग एक मोठा संप झाला. बाबा आणि त्यांच्या वयाचे बरेच जण त्या संपात होते, नंतर लगेच निवृत्तही झाले. संप मोडल्यावर गिरणीनं ठरवलं की संपात गेलेल्यांच्या नोकरीत खंड पडला, तेव्हा त्यांची पेन्शन निम्मी. दोन वर्षं म्हातारे विहाराच्या ओट्यावर बसून अर्ज करत राहिले. औषधं बंद झाली, कुणाच्या मुलीचं लग्न पुढं गेलं, दोघं तर वाट बघतच गेले. शेवटी त्या उन्हाळ्यात समझोता झाला. कापलेली पेन्शन पूर्ववत होणार. युनियननं नावांची यादी द्यायची, दोन्ही बाजूंनी तिच्यावर सह्या करायच्या, आणि मग सरकारी लेबर ऑफिसरसमोर प्रत्येकानं बायकोसह हजर राहून ओळख पटवायची.

यादी इंग्रजीत टाइप करायची होती. वस्तीत इंग्रजी लिहिणारी मी एकटी.

"मडम, तुमच्याशिवाय आता आमचं कोणी नाही," पुंडलिककाका दारात उभे राहून म्हणाले. ते युनियनचे जुने सेक्रेटरी, आमच्यापासून तीन घरं पलीकडे राहायचे आणि मला लहानपणापासून 'मडम' म्हणून चिडवायचे. "आमी बोलतो तं साहेब लोक झोपून जातेत. इंग्रजी पाह्यली का चष्मा लावतेत."

मला नाही म्हणता येत नाही. हो म्हणायलाही मला त्रास होतो, पण नाही म्हणायला जास्त. त्यांच्या वहीतली नावं घेऊन मी बाजारातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथले सिंधी मास्तर दर दहा मिनिटांनी येऊन म्हणायचे, "बेटी, आराम से, मशीन भागने वाली नहीं." एकेचाळीस नावं. कार्बन घालून तीन प्रती. बाबांचं नाव वहीत चौथं होतं, पण मला संकोच वाटला. आपणच यादी करायची आणि आपल्याच बापाला वर बसवायचं, असं कुणी म्हणू नये म्हणून ते नाव मी सोडून पुढं गेले आणि सर्वांत शेवटी टाइप केलं. पुंडलिककाकांनी त्याच संध्याकाळी यादी नेऊन दिली. सह्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी, नवतप्याच्या पहिल्याच दुपारी, मी माझ्याजवळची कार्बनची प्रत सहज काढून वाचली. शेवटच्या ओळीवर डोळे गेले आणि वाटलं, आपल्याला लू लागली.

तिथं लिहिलं होतं: सुदाम.

हे नाव बाबांचंच आहे. घरात, रेशनकार्डावर, माझ्या शाळेच्या आणि कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर 'वडिलांचे नाव' या रकान्यात मी तेच लिहीत आले. वही मी मिटली होती, नाव शेवटाला राहिलं होतं, आणि हातानं सवयीनं फॉर्म भरला. पण गिरणीत सुदाम नावाचा माणूस कधी नव्हताच. गिरणीत बाबा महादेव होते.

महादेव म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. दोघं खापा गावचे. महादेवकाका एकोणिसाव्या वर्षी नागपूरला आले, गिरणीत लागले, नंबराचा पितळी बिल्ला मिळाला, आणि अडीच महिन्यांत तापानं गेले. बाबा तेव्हा सोळाचे, भावाला भाकर पोचवायला आलेले. मुकादमानं सांगितलं, नवीन भरती बंद आहे, पण बिल्ला आहे, माग रिकामा आहे, तू भावासारखाच दिसतोस, ये उद्यापासून. अशी माणसं गिरणीत त्या काळी आणखीही होती. सोबतच्यांना माहीत असायचं. कुणी बोलायचं नाही, कारण बोललं तर बिल्ला जायचा. बाबांनी भावाच्या नावानं हजेरी दिली, भावाच्या नावानं युनियनची वर्गणी भरली, युनियनच्या साक्षरता वर्गात सही करायला शिकले तीही भावाच्याच नावाची.

मला हे सगळं ठाऊक होतं. तरी मी सुदाम लिहिलं. आता गिरणीच्या रजिस्टरात महादेव, यादीत सुदाम. ज्या माणसानं फसवून नोकरी केली त्याला पेन्शन मिळेल की पोलीस? आणि एक नाव खोटं निघालं म्हणून गिरणी उरलेल्या चाळीस जणांची यादीही फेटाळणार नाही कशावरून?

दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. घरात इतक्या जवळजवळ राहून न बोलणं अवघड असतं, पण त्यात मी तरबेज होते. बाबा ताटीवर पाणी मारायचे, आई कैरी उकडायची, मी पन्हं गाळायची. बाबा खूश होते. "अर्धी होती ते पूर्ण होऊन राहिली," ते खोकत खोकत आईला सांगत होते, "माझ्यामागं तुलेबी भेटत राहीन. कागदावर बायकोचं नाव लिवतेत म्हणे." आई म्हणाली, "अशा भरल्या उन्हात मरणाच्या गोष्टी काहून करता?" मी गाळणी धरून उभी होते. गाळणी कलली आणि अर्धं पन्हं परातीत गेलं. आईला वाटलं मला ऊन लागलं. तिनं माझ्या ओढणीच्या टोकाला कांदा बांधला.

भीती ही किती शारीरिक गोष्ट असते ते मला त्या दोन दिवसांत कळलं. पुस्तकांतली माणसं घाबरली की पांढरी पडतात. मला सारखी लघवीला लागायची. जेवताना घास तोंडात तसाच राहायचा. पोस्टमनच्या सायकलची घंटी गल्लीच्या टोकाला वाजली तरी मी मागच्या खोलीत जायची. यादी परत मागवता येईल, असं रोज सकाळी वाटायचं. दुपारपर्यंत ते वाटणं वाळून जायचं.

तिसऱ्या दिवशी मी पुंडलिककाकांकडे गेले आणि कार्बनची प्रत त्यांच्यापुढं धरली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून बोट ठेवून सांगावं लागलं. त्यांनी कागदाची घडी केली. मग म्हणाले, "काय वं पोरी. एकतीस वर्सं मॅनेजरले नाही सापडलं, टाइमकीपरले नाही सापडलं. तुह्या कॉलेजनं धरून देल्लं."

मी रडायला लागले तसे ते उठले, डोक्यावर शेला टाकला आणि मला घेऊन आमच्या घरी आले.

बाबांना सांगताना त्यांनी माझी चूक युनियनची करून सांगितली. "आमच्याकडून जरा घोळ झाला गा, म्हादेव." बाबा मात्र माझ्याकडेच बघत होते. त्यांनी कागद मागितला. "कुठं हाये?" मी दाखवलं. "हे माझं?" त्यांनी त्या अक्षरांच्या शेजारी बोट टेकवलं, अक्षरांवर नाही. गिरणीच्या कागदावर त्यांचं खरं नाव ते पहिल्यांदा बघत होते. क्षणभर मला वाटलं त्यांना बरं वाटतंय. मग त्यांचा चेहरा उतरला.

"बाकीच्याइचं काही बिघडन काय?" त्यांनी विचारलं.

"तुह्या नावाचं पाहू आधी," पुंडलिककाका म्हणाले. "उर्फ करू. महादेव उर्फ सुदाम. एकच माणूस, दोन नावं. शहरात अर्धे लोक उर्फ हायेत. मी साक्ष देतो."

बाबा म्हणाले, "तू तं दादासंगं एका खोलीत राह्यला गा."

"राह्यलो नं," पुंडलिककाका म्हणाले आणि चहा न घेता गेले. साहेबापुढं कधी खोटं बोललो नाही, हे ते दर सभेत सांगायचे. तेवढी एकच मिजास होती त्यांची.

मग आईला शिकवणं आलं. ऑफिसर बायकोला नवऱ्याचं नाव विचारणार होता. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. दीक्षा घेतली, देव गेले, उपास गेले, हे मात्र आईनं सोडलं नव्हतं. ठरलं असं की बाबूनंच नाव उच्चारावं आणि आईनं मान हलवावी. सरकारी कचेऱ्यांत असंच चालतं. तीन दिवस मी बाबू झाले. "नवऱ्याचं नाव महादेव उर्फ सुदाम, बरोबर?" आई मान हलवायची. पण महादेव म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकायचं. मी ते पाहिलं होतं. मी इतर सगळं बघते, तसंच तेही बघितलं आणि गप्प राहिले, कारण विचारलं असतं तर आणखी एक भीती वाढली असती.

ओळख पटवायचा दिवस नवतप्याचा सातवा होता. ऑफिसच्या व्हरांड्यात एकेचाळीस म्हातारे आणि त्यांच्या बायका, भिंतीच्या कडेकडेनं सावली सरकेल तसे सरकत होते. सगळ्यांच्या खिशात कांदा. आतल्या खोलीत पंखा गरम हवा ढवळत होता. टेबलामागे लेबर ऑफिसर होते, मध्यम वयाचे, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. शेजारी गिरणीचा बाबू, समोर जुनं रजिस्टर. मला लिहून घ्यायला कोपऱ्यात स्टुलावर बसवलं होतं. नाव पुकारायचं, रजिस्टरशी जुळवायचं, एक साक्षीदार, एक बायको, पुढचा. चाळीस वेळा ते झालं. प्रत्येक वेळी बाबांचा नंबर एकानं जवळ येत होता, आणि मी मनात म्हणत होते, वीज जावी, साहेबांना बोलावणं यावं, काहीही व्हावं.

"सुदाम," बाबूनं वाचलं आणि रजिस्टर उलटसुलट केलं. "साहेब, हे नाव नाही इथं."

बाबा पुढं झाले. पुंडलिककाका त्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले. "महादेव उर्फ सुदाम, साहेब. एकच माणूस."

"तुम्ही ओळखता?"

"पहिल्या दिवसापासून." पुंडलिककाकांचा आवाज सभेत असतो तसा होता, पण ते साहेबांकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

ऑफिसरनं लिहिलं. मी पाहिलं, त्यांनी 'उर्फ' लिहिलं. मीही माझ्या कागदावर ते उतरवून घेतलं. "बायको?" ते म्हणाले. आई आली. बाबूनं तोंडपाठ विचारलं, "नवऱ्याचं नाव महादेव, बरोबर?"

उर्फ त्यानं गाळलं होतं. त्याला घाई होती.

आईनं मान हलवायची होती. तिनं ती हलवली नाही. खाली बघत उभी राहिली. मी स्टुलावरून तिच्याकडे बघत होते, माझ्याकडे बघ म्हणत होते, ती बघत नव्हती.

"बाई, नाव घेत नाही ते ठीक आहे, मान तर हलवा," बाबू म्हणाला. "महादेव?"

"नाही जी," आई म्हणाली. "ते माह्ये भासरे."

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. ज्यांच्यापुढं उभं राहायचं नाही, ज्यांची सावली ओलांडायची नाही. आईनं त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. तिचं लग्न झालं तेव्हा त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी ते भासरे होते, आणि त्यांना नवरा म्हणणं तिच्या मानेला जमलं नाही.

"मग नवरा कोण?" ऑफिसरनं विचारलं.

आईनं आयुष्यात पहिल्यांदा बाबांचं नाव घेतलं. इतक्या हळू की पंख्यानं ते अर्धं नेलं. "सुदाम."

"आणि भासरे कुठं आहेत?"

"वारले. लय दिवस झाले."

गिरणीचा बाबू खुर्चीत सरळ झाला. "साहेब, म्हणजे महादेव मयत. हा माणूस आमच्या नोकरीत कधी नव्हताच." तो हे आनंदानं बोलला असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, तोही घाबरला असेल. रजिस्टर त्याच्या हाती होतं.

 पुंडलिककाकांच्या मानेवरून घामाचा ओघळ सदऱ्यात उतरत होता. मी हातातलं पेन इतकं आवळलं होतं की निब कागदात रुतली. बाबांना खोकला आला. तो थांबेना. 

खोकला थांबल्यावर ऑफिसरनं बाबूला विचारलं, "मग एकतीस वर्षं माग कुणी चालवला? मयत माणसानं?"

बाबूनं रजिस्टर मिटलं.

"समझोत्याच्या यादीवर तुमच्या मॅनेजरची सही आहे," ऑफिसर पानं चाळत म्हणाले. "यादीत सुदाम आहे. तुम्हीच मान्य केलंय." मग पुंडलिककाकांकडे वळून, "आणि तुम्ही. साक्ष द्यायला आलात की गोष्ट सांगायला?" त्यांनी लिहिलेलं 'उर्फ' दोन रेघा मारून खोडलं. "मी वरती पाठवतो. बघू काय म्हणतात. जा."

बाहेर व्हरांड्यात कुणी काही विचारलं नाही. पुंडलिककाका एकटे पुढं चालत गेले, त्या भर उन्हात, डोक्यावर शेला न घेता. आई बाबांना म्हणाली, "माह्यानं नाही झालं जी." बाबा म्हणाले, "चाल. ऊन लागन."

त्यानंतरच्या अडीच महिन्यांबद्दल मी फार कमी लिहू शकते. चाळीस जणांची पूर्ण पेन्शन सुरू झाली. बाबांची अर्धीसुद्धा थांबली, चौकशी चालू म्हणून. पाऊस आला, गल्लीत चिखल झाला, विहाराच्या ओट्यावर म्हातारे पुन्हा बसायला लागले आणि बाबा दिसले की विषय बदलायचे. मला वाटायचं, पोलीस साध्या वेशात येतील. नवा चेहरा दिसला की मी घरात शिरायची. आई रोजानं कामाला जाऊ लागली, बोलायची नाही. मी तिच्यावर रागावले होते का? होते. आणि माझ्यावर तिच्यापेक्षा जास्त. पुंडलिककाकांनी आपली वाढलेली पेन्शन दोन महिने उचलली नाही. याचा निकाल लागेपर्यंत मले ते पचत नाही, एवढंच ते म्हणाले.

मग पत्र आलं. मीच वाचलं, उभ्यानं, दारातच. प्रत्यक्ष काम केलेली व्यक्ती म्हणून सुदाम यास समझोत्यानुसार पूर्ण पेन्शन मंजूर. जुन्या नोंदीतील महादेव हे नाव रद्द समजावे. सदर व्यक्तीने आठ दिवसांत नवीन नमुना सही द्यावी.

बाबांना ती सही येत नव्हती. मी जमिनीवर पाटी घेऊन बसले आणि त्यांना त्यांचं नाव शिकवलं. त्यांचा हात दर वेळी जुन्या अक्षराकडे वळायचा. ते थांबायचे, पुसायचे, माझ्याकडे बघायचे. सही बिघडली तर कागद परत येईल, ही भीती त्यांच्या बोटांत होती, आणि पेन्सिल धरायला मी त्यांची बोटं धरली की ती भीती माझ्या हातात यायची.

पाचव्या दिवशी सही जमली. त्यांनी ती पाटीवर दहा वेळा काढली. मग पाटी बाजूला ठेवून म्हणाले, "निर्मला, दादाचं नाव आता कुठंच लिवलेलं नाही नं?"

मी म्हटलं, जुन्या रजिस्टरात असेल.

"ते तं रद्द केलं म्हणते नं तू."  "तो गेला तवा मुकादम म्हणे, डोकं भादरू नको. रडू नको. गिरणीत समजन. दुसऱ्या दिवशी भोंग्यावर हजर हो. मी झालो. मले कोणी म्हादेव म्हणून हाक मारली का वाटे, हाये अजून कुठंतरी." त्यांनी नाक पुसलं. "आज गेला तो."

चुलीपाशी आई भाकर थापत होती. तिनं परात खाली ठेवली, पिठाचे हात तसेच ठेवून कोपरानं पदर ओढून डोक्यावर घेतला, आणि भिंतीकडे सरकून बसली. भासरे घरात आले की बायका बसतात, तशी.